खाजरा सुरण पहिल्यांदा कोणी खाल्ला असेल?

पंचगंगाकाठ

नमस्कार. गेल्या आठवड्यात भुदरगड तालुक्यातील माझ्या माहेराहून रानातला सुरण आला. बाजारातला सुरण मी पुष्कळदा केलेला आहे; परंतु रानातल्या सुरणाची गोष्ट वेगळी असते, हे मला केवळ ऐकून ठाऊक होते. हाताला तेल लावायचे राहून गेले आणि दोन फोडी चिरून होतात न होतात तोच मनगटापर्यंत अशी खाज सुटली की दुपारभर दुसरे काही सुचले नाही. आमच्या घरी ८४ वर्षांच्या आजेसासूबाई आहेत. त्यांनी चिंच कोळून त्या पाण्याने मला हात धुवायला लावले, सुरणाची जाड साल काढून फोडी मीठ आणि चिंचेच्या पाण्यात उकळून घेतल्या, ते पाणी फेकून दिले आणि मग फोडी तेलावर परतल्या. रात्री घरातल्या सगळ्यांनी ती भाजी मागून मागून खाल्ली.

जेवताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, “आई, नुसता हात लागला तरी एवढी आग होते, तर हे खायचे असते हे पहिल्यांदा कोणाला कळले? आणि त्याने ते दुसऱ्यांदा का खाल्ले?” पहिल्या प्रश्नाला काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली असती, परंतु दुसऱ्या प्रश्नापाशी मी खरोखरच अडले.

एकदा घसा सुजलेला मनुष्य त्याच कंदाकडे परत वळतो तो कशाच्या आधारावर? हा प्रश्न सुरणापुरता नाही. अळूची पाने, कळकाचे (बांबूचे) कोंब, बिब्ब्यातली गोडंबी, कडू करांदे अशा कितीतरी वस्तू आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत खाल्ल्या जातात. पण त्या उचलून तशाच तोंडात टाकण्यासारख्या नाहीत. कशाचे पाणी फेकावे लागते, कशाची साल काढावी लागते, कशाला आंबट लागते, तर कशाला राख. अपघात, भूक आणि जनावरांना पाहून शिकणे असे तीन तर्क मी आजवर ऐकले आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, म्हणजे मला मुलीला नीट उत्तर देता येईल.

रानकंद

ताई, आपल्या मुलीचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, म्हणून मी त्याच्यापासूनच आरंभ करतो. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि त्या निमित्ताने राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागांतली राने विद्यार्थ्यांबरोबर पायी हिंडलो. त्या अनुभवावर पुढचे लिहीत आहे.

कंद म्हणजे झाडाने पुढच्या पावसाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवलेली शिदोरी असते. उन्हाळ्यात सुरणाचे पान वाळून जाते, वर काही दिसत नाही आणि खाली मात्र कित्येक किलो पिठूळ अन्न एकाच जागी साठलेले असते. अशी शिदोरी राखणीवाचून पडली असती तर रानडुकरांनी आणि साळिंदरांनी तिचा कधीच फडशा पाडला असता. सुरण आणि अळू यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक जुडग्यांनी असतात. फोड चिरली किंवा चावली की ते त्वचेत, जिभेत आणि घशात रुततात व आग सुरू होते. कळकाच्या कोवळ्या कोंबात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते, ते उकळल्याने निघून जाते. कडू करांद्याचा कडूपणा घालवण्यासाठी त्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात शिजवून मग वाहत्या पाण्यात ठेवतात. जिथे अन्नाचा साठा मोठा तिथे राखणही कडक, हे रानात वारंवार दिसते. त्यामुळे घसा सुजल्यानंतरही मनुष्य सुरणाकडे परत वळला तो त्या साठ्यासाठी. दोन-चार बोरांसाठी कोणी एवढा त्रास सोसला नसता.

आता तो कशाच्या आधारावर परत वळला, हे पाहू. माझ्या मते सुरण हा कडक असला तरी प्रामाणिक कंद आहे, कारण त्याच्या बाबतीत झालेली चूक त्याच क्षणी कळते. बोटाच्या पेराएवढा तुकडा जिभेला लावला तरी निकाल हाती येतो. एकदा भाजून, एकदा उकळून, एकदा वाळवून, एकदा आंबट घालून असे पंधरा-वीस प्रयोग एकाच हंगामात करता येतात आणि त्यांपैकी कोणत्याही प्रयोगात जीव जात नाही. कडू चवीचेही तसेच आहे. माणसाच्या जिभेवर कडू द्रव्ये ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक (चव टिपणारे सूक्ष्म रेणू) आहेत, आणि लहान मुले दुसऱ्या वर्षानंतर अनोळखी पदार्थ तोंडातून परत काढतात, याचे मूळही या सावधपणातच आहे.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. सुरणापाशी प्रथम पोहोचलेला मनुष्य रिकाम्या हातांनी आलेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाचा पुरावा मिळाला आहे, म्हणजे विस्तव हा आपल्या मानवजातीपेक्षाही जुना आहे. भारतात सुरण उकरणाऱ्या माणसाला कंद भाजायचे असतात हे पिढ्यान्पिढ्या माहीत होते. शिवाय सुरण, अळू आणि कोकणात खाल्ले जाणारे शेवळ ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. अळूला चिंच लागते हे ज्या घरात ठाऊक होते, त्या घराला शेवळात काकड या झाडाची आंबट फळे घालण्याची कल्पना सुचणे अवघड नव्हते. रीत एका झाडाकडून त्याच्या भावंडाकडे जाते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक स्पष्ट कबुली आहे. शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी हेच वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, असे तिथे म्हटले आहे. आपल्या जिल्ह्यातील गवळी धनगरांच्या वाड्यांवर मला याचा प्रत्यय अनेकदा आला. पुस्तकात दोन तास शोधूनही न सापडलेले झाड तिथल्या बाईने पान चुरगाळून, वास घेऊन, नावानिशी सांगितले आहे.

गुऱ्हाळकर

रानकंद सरांचे म्हणणे पटले, परंतु भुकेला त्यांनी फारच थोडी जागा दिली असे मला वाटते. मी करवीर तालुक्यातला शेतकरी आहे. आमचे कोल्हापूर पाण्याचे, त्यामुळे इथे दुष्काळाची आठवण पुसट आहे. माझे आजोळ मात्र जत तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात तिथे अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळत असे आणि दुष्काळी कामावर सुकडी वाटली जात असे. माझी आई सांगते की त्या मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि पहिले काही दिवस ती कोणाच्या घशाखाली उतरत नसे. तरीही पंधरवड्यात सगळे गाव ती खाऊ लागले. त्याच दिवसांत माळावरच्या भाज्या, एरवी ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे, त्या घरोघरी शिजू लागल्या. पोट रिकामे असले की माणूस नावडीची वस्तूही समोर ओढतो, हे मी घरात ऐकत मोठा झालो आहे.

जनावरांवरून माणूस शिकला असेल, या तर्काबद्दल मात्र मला शंका आहे. जनावर स्वतःसुद्धा फसते. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी बैलाने खाल्ली तर तिच्यातल्या सायनाइडमुळे तो दावणीला परत येईपर्यंत दगावू शकतो, आणि तीच ज्वारी पुढे पिकली की तिची भाकरी आपण रोज खातो. बैलाने खाल्लेले माणसाला चालेल असे नाही आणि बैलाला न चाललेले माणसाने सोडावे असेही नाही.

माझ्या धंद्यातले एक उदाहरण देतो, कारण त्याचा विचार मी स्वतः अनेक वर्षे करत आलो आहे. काहिलीत उसाचा रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस ओततात. काही वेळात सगळी मळी गोळा होऊन वर येते, ती काढून टाकली की रस स्वच्छ होतो आणि गुळाला रंग येतो. गुळव्याला विचारले तर तो सांगतो की हे त्याच्या वडिलांनी दाखवले, आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. चिकट भेंडी गोड रसात टाकावी असे पहिल्यांदा कोणाला आणि का वाटले असेल? इथे भूक नाही आणि जनावरही नाही. चुलवाणापाशी रात्र रात्र बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीतरी घडले आणि त्याने ते सोडून दिले नाही, एवढेच मला म्हणता येते.

दाजीपूरवाट

गुऱ्हाळकर दादा, आपण भुकेबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी मी अर्धा सहमत आहे. भूक माणसाला अनोळखी वस्तूपर्यंत नेते. परंतु ती वस्तू कशी खावी हे भूक शिकवत नाही. याचे सगळ्यांत वेदनादायक उदाहरण मला ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात आढळले.

१८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून निघाली आणि खंडाच्या उत्तर टोकाजवळ जाऊन १८६१ च्या एप्रिलमध्ये कूपर्स क्रीक या ओढ्यापाशी परतली. त्यांच्यासाठी थांबलेली तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. शिधा संपल्यावर त्यांनी तिथल्या यांद्रुवांधा लोकांना खाताना पाहिलेली नारडू ही वस्तू गोळा करायला सुरुवात केली. आपल्याकडे भाताच्या खाचरात चार पानांचे पाणनेचे उगवते, त्याच्याच जवळच्या नातलगाची ही कठीण, बीसारखी दिसणारी फळे. स्थानिक लोक ती भाजत, दळत आणि दळताना भरपूर पाण्याने धुवून घेत. पाहुण्यांनी दळण्याचे काम उचलले, पण बाकीची रीत पूर्णपणे उचलली नाही. नारडूमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. रोज पोट भरत होते आणि रोज पाय जड होत होते. विल्सच्या दैनंदिनीत हा वाढता अशक्तपणा नोंदलेला आहे. जूनच्या अखेरीच्या सुमारास ते दोघेही गेले. तिसरा सोबती किंग यांद्रुवांधा लोकांच्या आश्रयाला गेला, त्यांनी शिजवलेले खात राहिला आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला. पदार्थ तोच, ओढा तोच. फरक पडला तो कोणाच्या हातचे खाल्ले यामुळे.

त्याच्या ९१ वर्षे आधी, १७७० मध्ये, त्याच खंडाच्या ईशान्य किनाऱ्यावर कॅप्टन कूक यांच्या एंडेव्हर जहाजाची दुरुस्ती चालू असताना खलाशांना स्थानिकांच्या चुलींजवळ सायकस या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बियांची टरफले पडलेली दिसली. टरफले आहेत म्हणजे आतले खातात, हा तर्क बरोबर होता. त्यांनी बिया खाल्ल्या आणि ते उलट्या-जुलाबांनी बेजार झाले. जहाजावरची काही डुकरे तर मेली. चुलीपाशी टरफले दिसतात, पण मधले दिवसानुदिवस भिजवणे आणि धुणे चुलीपाशी दिसत नाही.

रानकंद सरांनी लिहिले की सुरणाच्या बाबतीत चूक त्याच क्षणी कळते. मला वाटते, या सगळ्या विषयाची किल्ली त्याच वाक्यात आहे, कारण सगळी झाडे इतकी प्रामाणिक नसतात.

आषाढी एकादशीला आपण ज्याची खिचडी खातो तो साबुदाणा पाहा. तो कसावा या दक्षिण अमेरिकेतील कंदापासून बनतो आणि आपल्याकडे प्रामुख्याने तमिळनाडूतील सेलमच्या परिसरातून येतो. कारखान्यात कंद सोलून, वाटून, पिठूळ भाग पाण्यात धुवून, निवळून मग दाणे पाडतात आणि या धुण्यातच त्यातील सायनाइड निघून जाते. तेव्हा साबुदाण्याबद्दल कोणी शंका बाळगू नये. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील बायका कडू कसावा सोलतात, किसतात, विणलेल्या लांब नळीत घालून पिळतात, निघालेले पाणी वेगळे उकळतात, चोथा ठेवून देतात आणि मग भाजतात. यातली एखादी पायरी गाळली तरी त्या दिवशी कोणाला काही होत नाही. कडूपणा नुसत्या उकळण्यानेही बराच कमी होतो, त्यामुळे चव काही इशारा देत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कसावा आफ्रिकेत नेला. कंद बोटीतून गेला. किसण्या-पिळण्याची ती सगळी साखळी मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. तिथल्या लोकांनी पुढे स्वतःच्या रीती बसवल्या, पण दुष्काळात घाईने पायऱ्या गाळल्या जातात तेव्हा कोंझो नावाचा विकार डोके वर काढतो आणि त्यात दोन्ही पाय कायमचे लुळे पडतात. १९८१ मध्ये मोझांबिकमध्ये दुष्काळातच हजाराहून अधिक माणसांना, त्यातही मुख्यतः बायकांना आणि मुलांना, तो झाला.

मक्याची कथा उलट्या बाजूने तेच सांगते. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवून मग वाटतात. चुन्याने दाण्याचे टरफल सुटते आणि पीठ मळायला सोपे जाते, हे करणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. त्याच चुन्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे होते, हे मात्र विसाव्या शतकापर्यंत कोणालाच माहीत नव्हते. युरोपने मका नेला आणि चुना मागे ठेवला. १७३५ मध्ये स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी मक्यावर जगणाऱ्या गरिबांच्या अंगावर उठणाऱ्या लाल, खपल्या धरणाऱ्या चट्ट्यांचे वर्णन केले. तो पेलाग्रा, उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने असंख्य माणसे मेली.

गुऱ्हाळकर दादा, आपल्या भेंडीच्या रसाला मी या चुन्याशेजारी बसवीन. करणाऱ्याला समोर दिसणारे एक कारण पुरेसे असते, मग ती मळी असो की सुटलेले टरफल, आणि ते कारण डोळ्यांना दिसते म्हणूनच रीत टिकते.

बोंडू

मी आजऱ्याचा आहे. आमच्या आणि चंदगडच्या भागात काजूची प्रक्रिया करणारे पुष्कळ लहान कारखाने आहेत, म्हणून थोडी भर घालतो.

काजूच्या टरफलात जे तेल असते ते कातडीला लागले तर फोड येतात. बी फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात, तरीही बोटांची कातडी काळी पडून सोलवटते. खाणाऱ्याला पांढरीशुभ्र काजूगर दिसते आणि ती हातांची किंमत दिसत नाही, हे मला नेहमी खटकत आले आहे. काजू मूळचा ब्राझीलचा आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. नावही तिकडचेच आहे. मात्र बिब्बा इथला आणि तो काजूच्याच कुळातला. बिब्ब्याचे तेल अंगावर उतते हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते, आणि तरी त्याच बिब्ब्यातली गोडंबी हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांत पडते. म्हणून माझे असे मत आहे की काजू इथे उतरला तेव्हा टरफल जाळून आतला गर काढण्याची कल्पना इथल्या माणसाला परकी वाटली नसेल. रानकंद सरांनी भावंडाची गोष्ट लिहिली तीच ही.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी हे सगळे मुलीला वाचून दाखवले आणि तिने लगेच तिसरा प्रश्न काढला. सुरणाची खाज आपण काढून टाकतो, काजूचे तेल जाळतो, कसाव्याचे विष धुतो. मग मिरचीची आग का काढून टाकत नाही? तांबडा रस्सा आपण त्या आगीसाठीच करतो. मला यावर काही सुचले नाही. रानकंद सर, यावर काही लिहाल का?

रानकंद

मुलीला माझा आशीर्वाद सांगा. कोल्हापूरच्या मुलीने हा प्रश्न विचारावा याचा मला विशेष आनंद झाला.

मिरचीतले कॅप्सेसिन हीसुद्धा राखणच आहे, मात्र ती निवडक आहे. सस्तन प्राण्यांना ते झोंबते. पक्ष्यांना झोंबत नाही, कारण त्यांच्या तोंडातला उष्णता ओळखणारा ग्राहक त्या द्रव्याला प्रतिसाद देत नाही. पक्षी बी न चावता गिळतात आणि दूर नेऊन टाकतात, तर उंदरासारखे प्राणी दाढांखाली बी भरडतात. झाडाला पाहिजे तो पाहुणा मिळतो आणि नको तो दारातूनच परततो. एक महत्त्वाची गोष्ट अशी की मिरची भाजल्याचा भास करून देते. बेताने खाल्ली तर प्रत्यक्षात काही भाजत नाही. सुरणाचे स्फटिक खरोखर रुततात, मिरचीची आग मात्र थोड्या वेळाने काही मागे न ठेवता निघून जाते. म्हणून ती काढून टाकण्याची गरज पडली नाही.

मिरची मूळची अमेरिका खंडातली आणि मेक्सिकोत हजारो वर्षांपासून लावली जाणारी. आपल्याकडे ती पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात पोहोचली. त्याआधी तिखटपणासाठी मिरे, पिंपळी आणि आले होते, आणि मिऱ्यावरूनच मिरचीला नाव मिळाले. जिला आपण नुसती ‘चटणी’ म्हणतो आणि वर्षाची एकदम डंकावर कुटून आणतो, तिच्यातला मुख्य जिन्नस पाचशे वर्षांपूर्वी या गावात कोणी पाहिलेलाही नव्हता. मला हे जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मन थक्क होते.

पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मेक्सिकोतील एका गावात याचा अभ्यास केला. तिथली मुले पाच-सहा वर्षांची होईपर्यंत हळूहळू, मोठ्यांचे पाहून, कोणी बळजबरी न करता तिखटाला सरावतात. त्याच गावातली कुत्री आणि डुकरे तिखट उष्टे रोज खात असूनही त्यांना तिखटाची आवड लागलेली नव्हती. निवड करू दिली तर ती बिनतिखटाचेच खात. आपल्या घरातही मुलाला आधी पांढरा रस्सा वाढतात, मग त्यात चमचाभर तांबडा, आणि एक दिवस तेच मूल वाटी पुढे करते. घरात एकत्र बसून जेवणारी माणसे नसती तर मिरची परसातल्या पक्ष्यांचे खाद्य म्हणूनच राहिली असती.

पंचगंगाकाठ

काल संध्याकाळी आजेसासूबाईंना मी थेट विचारले की त्यांच्या लहानपणी एखादा कंद खाण्याजोगा आहे की नाही हे कसे ठरवत. त्यांचे माहेर राधानगरीच्या वरच्या अंगाला आहे. त्या म्हणाल्या की नव्या जागेवरून कंद आणला की त्यांची आई आधी एक फोड शिजवून ओठाला लावून बघायची. थोड्या वेळाने जिभेच्या टोकाला लावायची. काही झाले नाही तर बोराएवढा घास गिळायची आणि कामाला लागायची; त्या दिवशी घरात दुसऱ्या कोणालाही त्यातले मिळत नसे. “रातभर पचलं तर सकाळी पोरांच्या ताटात,” हे त्यांचे शब्द. मी त्यांना विचारले की आईनेच का, वडिलांनी का नाही. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “चूल तिची हुती.”

रानकंद

हे वाचून फार वेळ स्वस्थ बसलो. आपल्या आजेसासूबाईंच्या मातोश्रींनी जे केले ते शास्त्रशुद्ध आहे. क्रम योग्य आहे, मात्रा योग्य आहे आणि वाट पाहण्याचा काळही बहुतेक कंदांना पुरेसा आहे.

तरीही इथे वाचणाऱ्या तरुणांसाठी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अलीकडे रानभाज्यांची हौस वाढली आहे. ही परीक्षा सगळ्या वस्तूंना लागू पडत नाही. अमानिटा जातीतली काही भूछत्रे चवीला वाईट नसतात. ती खाल्ल्यानंतर बहुधा सहा ते बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, मग रोग्याला बरे वाटू लागते आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. गोगलगायी ती खुशाल खातात, म्हणून किडीने खाल्लेले भूछत्र निर्धोक असते हा समजही घातक आहे.

लाखेच्या डाळीचा प्रकार याहूनही संथ आहे. ती चवीला चांगली, पिकायला सोपी, अवर्षणातही हाती येणारी. एक दिवस किंवा एक आठवडा खाल्ली तर काही होत नाही; दुष्काळात तीच मुख्य अन्न म्हणून दोन-तीन महिने खाल्ली गेली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. आयुर्वेदात ‘कलायखंज’ असा विकार सांगितला आहे. कलाय म्हणजे वाटाण्यासारखे एक कडधान्य आणि खंज म्हणजे लंगडा. कारण नावातच सांगून ठेवलेले असूनही लोक ती डाळ खात राहिले, कारण त्या वर्षी शेतात दुसरे काही उभे नव्हते. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर देशात बंदी आली. दाजीपूरवाट यांनी कसाव्याबद्दल लिहिले तेच इथेही आहे. चूक आणि शिक्षा यांच्यात जितके अंतर वाढते, तितके त्यांचे नाते माणसाला दिसेनासे होते.

ताई, आजेसासूबाईंना माझ्या वतीने एकच प्रश्न विचारा. ओठाची आणि जिभेची ही परीक्षा त्यांच्या आई ज्या वस्तूला कधीच लावत नसत, अशी एखादी वस्तू होती का?

पंचगंगाकाठ

सर, विचारले. प्रश्न पुरा होण्याआधीच त्यांनी उत्तर दिले.

“भूछत्राला न्हाई. भूछत्र चाखून बघायचं नसतं. आईला तिच्या सासूनं दोन वारुळं दावलेली, तेवढ्या दोनच वारुळांवरची अळंबी घरात यायची. बाकी किती का चांगली दिसंना, पायानं मोडून टाकायची.”

त्यांपैकी एक वारूळ रस्ता रुंद करताना गेले. दुसरे त्यांच्या भावाच्या खाचराच्या बांधावर अजून आहे, आणि आषाढात मुलीला घेऊन तिथे जायचे असे त्यांनी स्वतःहून ठरवले आहे.